न घडलेल्यांची पंगत

दुपारी भाकऱ्या, मीठ आणि चहाची पुडी घेऊन मी रानात निघाले, ते भावाच्या तंबूवर पोचवायला. एवढंच काम होतं. जाता जाता कुरणातले माझे दगडही उचलायचे होते, कारण अक्रोडाच्या हंगामासाठी वनखात्यानं तो तुकडा यंदा भावालाच दिला होता.

दगडांचं सांगायला हवं. लाइपझिगला शिल्पकला शिकून मी गावी परतले, तेव्हा आमचं अक्रोडाचं रान उघडं पडत चाललं होतं. प्रत्येकाला आपल्या तुकड्यातली पोती दिसत, रान कुणालाच दिसत नसे. मी ठरवलं, वादळात पडलेल्या झाडांच्या खोडांतून माणसं कोरायची. दुष्काळात ज्यांनी हे रान तोडू दिलं नाही, ती जुनी माणसं. ती रानात गोल पंगत करून बसलेली असतील, आणि एक जागा मोकळी असेल, येणाऱ्याजाणाऱ्यानं बसावं म्हणून. रानाबरोबर जेवलेला माणूस रानावर कुऱ्हाड चालवणार नाही, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं.

गावचे सर्वांत म्हातारे एसेनबाय अता (वडीलधाऱ्याला आम्ही अता म्हणतो) हसले होते. ‘‘एवढ्या लांब शिकून आलीस ती लाकडाची म्हातारी माणसं बनवायला? आमच्यात खरी काय कमी आहेत?’’

पण मुहूर्ताला तेच आले. प्रत्येक आकृतीच्या जागी मी एकेक सपाट दगड मांडला होता. मेंढा कापला. अतांनी सुरुवातीची दुवा केली, आणि माझ्या आग्रहावरून प्रत्येक दगडापुढे मांसाचा वाटा ठेवला. जेवण अर्ध्यावर आलं आणि गारा सुरू झाल्या. सगळे हसत, डोक्यावर ताटं धरून पळाले. हिवाळ्यात अता वारले. वसंतात परदेशातल्या संस्थेनं कळवलं की मदत जमणार नाही. शिल्पं कागदावर राहिली.

तर मी तंबूपाशी पोचले. धुकं उतरलं होतं. माझा थोरला भाऊ तोलोगोन झाडाखाली एकटाच अक्रोड सोलत होता. सालींनी त्याचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते.

‘‘बाइके, जेंगे कुठाय?’’ मी विचारलं. बाइके म्हणजे दादा, आणि जेंगे म्हणजे माझी वहिनी, किंबात. तिला सातवा महिना होता.

‘‘तुझ्या पाहुण्यांत बसलीय.’’ तो हसला नाही. ‘‘रोज दुपारी जाते. जरा टेकते म्हणते. काल अंधार पडेपर्यंत हाका मारल्या, तेव्हा कुठं आली. आज सकाळीच गेलीय. तोंडात घास नाही.’’

‘‘मग उचलून आणायची.’’

‘‘गेलो होतो. उचलली नाही गेली. जड झालीय.’’

‘‘सातव्या महिन्यात जडच असणार, बाइके.’’

‘‘तसं नाही गं,’’ तो म्हणाला, आणि पुन्हा सोलू लागला.

कुरण तंबूपासून हाकेच्या अंतरावर होतं. झाडं संपली तिथं आधी वास आला... उकडलेल्या मेंढ्याचा, कांद्याचा, आणि ओल्या लोकरीचा. चूल कुठंच नव्हती. वारा पडलेला होता आणि अक्रोडाची पानं सरळ खाली येत होती. फक्त दगडांच्या वर, बसल्या माणसाचा खांदा असेल तेवढ्या उंचीवर, ती कशावरून तरी घसरत आणि बाजूला पडत. मी बराच वेळ ते पाहत राहिले. प्रत्येक दगडावर तसंच होत होतं.

किंबात मोकळ्या ठेवलेल्या जागेवर बसली होती. मान खाली, हात मांडीत, सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर सून बसते तशी. ओठ फुटले होते.

‘‘जेंगे, चल.’’

‘‘हळू बोल...’’

‘‘का?’’

‘‘माणसं जेवतायत.’’

‘‘कोण माणसं?’’

‘‘मला काय विचारतेस? तूच बोलावलंस ना यांना...’’

मी तिचा दंड धरून ओढला. हात वर आला, पण ती आली नाही. जमिनीत मुळं गेलेल्या बुंध्याला ओढावं तसं वाटलं. तिनं पोटावर हात ठेवला. ‘‘याचं हलणं थांबलंय सकाळपासून,’’ ती म्हणाली. ‘‘हेही बसलंय बहुतेक... दुवा झाल्याशिवाय कसं उठायचं?’’

तिचं बरोबर होतं. आमच्याकडे जेवण संपलं की पंगतीतला सर्वांत मोठा माणूस तळवे वर करतो, दुवा म्हणतो, आणि मगच कुणी उठतं. त्या दिवशी गारांमुळे शेवटची दुवा झालीच नव्हती.

‘‘मग यांच्यात सर्वांत मोठं कोण, त्यांना सांग,’’ मी म्हणाले.

किंबातनं मान उचलली. एकेका दगडाकडे सावकाश पाहत तिनं गोल पूर्ण केला, आणि नजर माझ्यावर आणून ठेवली.

‘‘मोठं कुणीच नाही... यांच्यातलं कुणी अजून झालेलंच नाही. सगळे तुझ्याहून लहान.’’

कुरणात आवाज नव्हता. थोडा आधी होता, हे तो थांबल्यावर कळलं... चघळण्याचा, सावकाश.

वरचा दगड, मुहूर्ताला अता बसले होते त्या जागेशेजारचा, मी मानाच्या आकृतीसाठी ठेवला होता. मी जाऊन त्यावर बसले. तो उबदार होता. मी तळवे वर केले. लहानपणापासून ऐकलेले शब्द आठवतील तसे म्हटले: अन्न कमी न पडो, चूल न विझो, जाणाऱ्याची वाट मोकळी राहो. मग हात चेहऱ्यावरून खाली ओढले.

‘‘ओमीन,’’ किंबात म्हणाली. तिच्याबरोबर गोलभर बाह्यांची सळसळ झाली.

ती उठली. सहज उठली. दोन पावलं चालली आणि पोट धरून रडायला लागली, ‘‘हललं, बेगाइम, हललं गं!’’ त्या संध्याकाळी तिनं वाडगंभर सूप प्यायलं आणि नवऱ्याला त्याच्या काळ्या हातांवरून चिडवलंही. दगड मी उचलले नाहीत. चित्रंही जपून ठेवली आहेत.

थंडीत तिला मुलगी झाली, धडधाकट. पाळण्याच्या जेवणाला सगळे जमले. मला मंडईतून यायला उशीर झाला. आत गेले, तर घरातली बडबड एकदम थांबली. दारासमोरची, सर्वांत मोठ्या माणसाची मानाची जागा रिकामी होती. माझे वडील तिच्या खाली सरकून बसले होते, आणि त्यांच्याही खाली ऐंशी वर्षांची आत्या, जी आजवर त्या जागेवरून कुणासाठी हलली नव्हती.

‘‘आत्या, हे काय? चल, वर बस,’’ मी हसून म्हटलं.

कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या माना खाली होत्या, हात मांडीत. किंबातही तशीच बसली होती, पोर कुशीत घेऊन. आत्यानं मान वर न करता, लहान मुलीनं विचारावं तसं, अगदी हळू विचारलं:

‘‘आम्हाला उठू कधी देणार...?’’

जेवण अजून वाढलंही नव्हतं.