डाग भरत गेला तेव्हा

काजलच्या आईची सोनोग्राफी आटोपली होती. धंतोलीतल्या त्या सेंटरमध्ये दोघी रिपोर्टसाठी बसल्या होत्या. शेजारच्या खुर्चीवरचा तरुण मघापासून मांडीवरचं हेल्मेट गरागरा फिरवत होता.

"अहो, त्याले चक्कर येईल," काजल न राहवून म्हणाली.

तो दचकला, मग कसनुसा हसला. "सॉरी... भीती वाटून राहिली."

त्याचं नाव प्रशिक मेश्राम. खापरखेड्याच्या वीज केंद्रात इंजिनिअर. नेहमीच्या तपासणीत त्याच्या यकृतावर एक डाग दिसला होता.

"घरी सांगितलं?"

"नाही. आई पोरी पाहून राहिली, अन् मी सगळ्यांना नकार देऊन राहिलो."

"काहून?"

"डाग वाईट निघाला तर... कोणाच्या पोरीचं आयुष्य काहून खराब करू?"

तेवढ्यात सिस्टरनं नाव पुकारलं. "सोबत कोण आहे?"

प्रशिक हेल्मेट घेऊन एकटाच उठला. काजलनं आईकडे पाहिलं.

"जा वं," आई म्हणाली. "एकटं आहे लेकरू."

आत मंद उजेड होता. डॉक्टर चिन्मयींनी त्याच्या हाताच्या शिरेत औषध सोडलं. "यातले बारीक बुडबुडे रक्ताबरोबर यकृतात जातील. डाग कसा भरतो, त्यावरून तो कसला आहे ते कळेल. मग बुडबुडे श्वासावाटे निघून जातील."

पलंगावर पडल्यापडल्या प्रशिकनं पडद्यावरून नजर वळवली. "तुम्ही पाहा," तो काजलला हळूच म्हणाला. "मी तुमच्याकडे पाहतो."

काळ्या डागाच्या कडेला उजेडाचे ठिपके उमटले... मग तो उजेड सावकाश आत सरकू लागला. बरं की वाईट, काजलला काहीच कळेना. तरी त्याच्यासाठी ती चेहरा हसरा ठेवून उभी राहिली. त्याची नजर हलली नाही — अन् तिलाही ती हलू नये असं वाटलं.

"रक्तवाहिन्यांची साधी गाठ आहे," डॉक्टर म्हणाल्या. "कॅन्सर नाही. ऑपरेशनचीही गरज नाही. अधूनमधून तपासत राहू."

प्रशिकनं डोळे मिटले. पापण्यांच्या कडा ओल्या झाल्या.

बाहेर येताच त्यानं घरी फोन लावला. आधी रागावणं ऐकलं, मग रडणं. काजलच्या आईचाही रिपोर्ट चांगला आला होता. ती ऑटो पाहायला पुढे गेली. काजल मात्र पायरीवर रेंगाळली.

"आई विचारते, आता तरी पोरगी पाहशील का?" प्रशिक फोन खिशात ठेवत म्हणाला.

"मग... काय सांगितलं?"

"सांगितलं, पाहिली."

काजलचे कान तापले. "नाव तरी माहीत आहे का तिचं?"

तो गडबडला. खरंच, विचारलंच नव्हतं!

"काजल," ती हसू दाबत म्हणाली. "अन् रविवारी मले सुट्टी असते."