नखाच्या मुळाशी

फर्निचरच्या कारखान्यात लाकडाच्या भुशाचा रक्तानं लाल चिखल झाला होता. मालकाची कवटी हातोड्यानं फोडली होती. बायकोच्या मांडीवर जीव सोडताना तो एवढंच बोलला, "चेहरा झाकला होता त्यानं... पण अंगठा ठेचलाय मी त्याचा. उजवा."

पोलिसांनी पहिलाच हात पाहिला तो धाकट्या भावाचा. उजव्या अंगठ्याच्या नखावर काळी रेघ! वाटणीवरून दोघांची डोकी फुटली होतीच. मग पुढचे हात कुणी पाहिलेच नाहीत.

महिन्यानं भावाचा वकील आपल्या बालमित्राला, एका गुप्तहेराला, घेऊन त्या टाळेबंद कारखान्यात आला. इन्स्पेक्टरनं कुरकुरत कुलूप काढलं. मालकाची बायको आधीच दारात उभी होती.

"भावोजींनी मारलं असतं तर मीच त्यांचा गळा घोटला असता," ती म्हणाली. "पण ते फासावर जायचे आणि खुनी माझ्या दारावरून शीळ घालत फिरायचा, हे नाही चालणार."

बेड्या घातलेला भाऊ पुढे आला. गुप्तहेरानं भिंग काढलं.

"ही रेघ कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील. आधी दोऱ्याएवढी होती. आता रुंदावलीय."

रेघ मुळापासून टोकापर्यंत अखंड होती. मुळाजवळच्या कातडीवरही काळपट छटा उतरली होती. गुप्तहेराचा चेहरा पडला. वकिलानं कपाळाला हात लावला. खटला बुडाला!

मग कारखान्यातल्या सुताराला बोलावलं. त्याच्या नखांच्या टोकांना पॉलिशचे जुने डाग होते, मुळाशी नख गुलाबी होतं.

"कारखान्याला टाळं, साहेब. हातालाच काम नाही तर डाग कुठून येणार?"

शेवटी पॉलिशवाला. दहाही नखं मुळापर्यंत काळीभोर.

"पॉलिशवाल्याची नखं गोरी दिसली, तर तो कामचोर समजायचा!" तो हसला. वकीलही हसला.

"दुसरीकडे काम धरलंस?"

"कुठलं! महिनाभर घरी माशा मारतोय. पॉलिशच्या डब्याला हात लावला नाही."

"मालकाशी कसं होतं तुझं?"

"देवमाणूस," तो म्हणाला आणि नकळत गालावरून हात फिरवला.

गुप्तहेरानं स्पिरिटमध्ये बोळा बुडवला. "नख मुळातून वाढतं. महिनाभर काम नाही, म्हणून सुताराचा डाग टोकाकडे सरकला. तुझा मुळाशी ताजा कसा? रोज कोण लावतं?"

पॉलिशवाल्याचं हसू विझलं.

"माराचं रक्तही नखाबरोबर पुढं सरकतं. मागं कोरं नख येतं. भावाची रेघ मुळापासून सलग आहे, म्हणजे ती माराची नाही. दे हात."

पॉलिशवाल्यानं बाकावरची पटाशी उचलली. गुप्तहेराची बाही फाटली, दंडातून रक्त उडालं. तेवढ्यात भावानं मागून झेप घेऊन बेड्यांची साखळी पॉलिशवाल्याच्या गळ्यात आवळली. डोळे पांढरे व्हायला लागले.

"भावोजी, सोडा!" वहिनी ओरडली. "एक खून पुरे झाला!"

साखळी सैल झाली. इन्स्पेक्टरनं पॉलिशवाल्याचा हात पिरगाळून धरला, वकिलानं उजव्या अंगठ्यावर बोळा घासला. पॉलिश उतरलं. खाली साकळलेला काळा डाग होता आणि त्याच्यामागे कोऱ्या नखाची चंद्रकोर.

"चारचौघांत थोबाडीत मारली होती त्यानं," पॉलिशवाला खोकत म्हणाला. "एका बिघडलेल्या कपाटासाठी."

वकिलानं मित्राच्या दंडाला रुमाल बांधला. "अरे, मग मघाशी तुझं तोंड का उतरलं होतं?"

गुप्तहेर भावाकडे वळला. "तुम्ही सुटलात. पण घरी जाऊ नका, आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. अशी रेघ कित्येकदा साधी असते, कधी औषधानंही येते. पण एकाच नखावर आली, रुंदावली, कातडीवर उतरली, तर नखाखालचा तुकडा काढून तपासावा लागतो. कर्करोग असू शकतो."

"एवढी घाई आहे?"

"माझ्या बायकोच्या पायाच्या अंगठ्यावर अशीच होती. आम्ही उशीर केला."

वहिनीनं दिराचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"बेड्या काढा, साहेब," वकील म्हणाला. "कोर्टाचं मी बघतो. गाडी आधी दवाखान्यात जाईल."