माकणीहून न निघालेला निरोप

"आधी धरण, मग भेळ!" अमरनाथनं जाहीर केलं.

"आधी भेळ! रिकाम्या पोटी धरणाच्या भिंतीवर चढलं की माझे पाय लटपटतात," दैवशाला म्हणाली.

"तुझे पाय भेळ खाऊन पण लटपटतात!"

गच्चीवर तिघांची ही चर्चा रंगली होती. शिवांजली दिवाळीच्या सुट्टीसाठी धाराशिवच्या वसतिगृहातून कालच माकणीला आली होती. ती आठवीत, तिचा भाऊ अमरनाथ पाचवीत, आणि शेजारची दैवशाला तिच्याच वयाची. दरवर्षी सुट्टीत तिघांची टोळी गावभर हुंदडायची. यंदा मात्र घरावर आकाशकंदील नव्हता. अज्जा, म्हणजे तिचे आजोबा, जूनमध्ये गेले होते. शिवांजली तेव्हा वसतिगृहात होती. तिला त्यांचा चेहरा तेवढा शेवटचा बघायला मिळाला.

"ए, फाटक वाजलं!" अमरनाथ कठड्यावरून वाकला आणि ओरडला, "उमाकाका! उमाकाका आले!"

उमाशंकर काका मालवाहू जहाजावर नोकरीला होते. वर्षभर त्यांचा पत्ता नव्हता. खांद्यावर भली मोठी बॅग, हातात कागदात गुंडाळलेली नवी काठी. तोंडभर हसत ते ओट्यावर आले आणि म्हणाले, "अप्पा कुठायत? ही काठी बघा म्हणावं, पार सिंगापूरची!"

मग त्यांना भिंतीवरचा अज्जांचा हार घातलेला फोटो दिसला.

खाली धावत निघालेली तिघं जिन्यातच थबकली. काका फोटोजवळ गेले. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "कधी?"

"जूनमध्ये," बाबा म्हणाले. शिवांजलीचे बाबा, शिवलिंगप्पा, काकांचे थोरले भाऊ. त्यांचं गावात बी-बियाण्यांचं दुकान होतं. "आता आठवण झाली व्हय? तीन मेल पाठवले तुला! आजारी पडले तवा पाठवला, दवाखान्यात नेलं तवा पाठवला, आणि गेले तवा पाठवला. एका ओळीचं उत्तर न्हाय!"

"अण्णा, मला एकही मेल आला नाही! समुद्रात फोन लागत नाही, जहाजावर मेल तेवढा मिळतो. मी पाठवलेले मेलसुद्धा परत आले. बंदरावरून फोन केले, ते कुणी उचलले नाहीत…"

"अप्पा गेल्यावर म्याच सांगितलं हुतं, कुणी उचलायचं न्हाय म्हणून! त्येच्या आधी रोज सकाळी अप्पा मला विचारायचे, उमाचं काही आलं का? रोज मला न्हाय म्हणावं लागायचं. तुला कळतंय का त्ये?" बाबांचा आवाज फाटला. "जा. जिथून आलास तिथं जा."

अव्वा, म्हणजे मल्लम्मा आज्जी, दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, पण थोरल्या मुलाला त्यांनी अडवलं नाही. काकांनी काठी ओट्यावर आडवी ठेवली, फोटोसमोर डोकं टेकवलं आणि बॅग उचलून ते फाटकाबाहेर पडले.

"दुपारच्या सोलापूर गाडीनं जातो," एवढंच ते म्हणाले.

धरणही राहिलं आणि भेळही. तिघं पुन्हा गच्चीवर जाऊन बसली. अमरनाथला रडू आवरत नव्हतं.

"काका खोटं बोलले का गं ताई?"

"नाही वाटत. फोटो बघून त्यांचा चेहरा कसा झाला, पाहिलास ना?"

"मग बाबा खोटं बोलले?"

"तुमच्या बाबांना मेल पाठवताना मी स्वतः पाहिलंय," दैवशाला म्हणाली. "मी दुकानात रिकाम्या पिशव्या मागायला गेले होते. कॉम्प्युटरपुढं बसून ते एकेक अक्षर शोधत टाइप करत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं."

शिवांजली ताडकन उठली. "म्हणजे दोघंही खरं बोलतायत! मग मेल गेले कुठं? आणि काकांचे मेल परत का आले? मेल उगाच परत येत नाही. आमच्या कॉम्प्युटर लॅबच्या बाई सांगतात, परत येतो तेव्हा त्याचं काहीतरी कारण असतं!"

"तो कॉम्प्युटर तर बंद पडलाय," अमरनाथ नाक पुसत म्हणाला. "गोदामात पोत्याखाली आहे. चालू केला की नुसता टीं टीं ओरडतो. बाबा उद्या तो भंगारात घालणारेत. आपल्याला हात लावायचा नाही म्हणालेत."

"उद्या ना?" शिवांजली म्हणाली. "मग आपल्याकडं आजची दुपार आहे!"

गोदामाची किल्ली आईजवळ होती. बाबा जेवून आडवे झाल्यावर अमरनाथ स्वयंपाकघरात धापा टाकत शिरला. "आई! गोदामात उंदीर! बियाण्याच्या पिशव्या कुरतडतोय! हा एवढा!"

"अगंबाई! घे किल्ली, हाकल त्याला! आणि बाबांना उठवू नको."

"एवढा?" बाहेर आल्यावर दैवशालानं त्याच्या दोन हातांमधलं अंतर बघितलं. "बाबा रे, तो उंदीर होता की बोकड?"

कितीतरी वेळानं तिघं जरा हसली.

पोतं काढल्यावर धुळीचा असा लोट उठला की तिघांना शिंका आवरेनात. शिवांजलीनं आधी वायर काढली. "प्लग काढल्याशिवाय आत हात घालायचा नाही. आणि आधी लोखंडी कपाटाला हात लावा, अंगातली वीज निघून जाते." तिनं पेटीची बाजू उघडली. आत भुसा, बिया, कोळ्याची जाळी, पंख्यावर लोकरीसारखी धूळ. दैवशालानं रंगाच्या कोऱ्या ब्रशनं सगळं अलगद झाडून काढलं.

"दुकानात बियाणं, आतपण बियाणं! थोडं पाणी घातलं असतं तर उगवलं असतं!" अमरनाथ म्हणाला.

"टीं टीं म्हणजे बहुतेक मेमरीची पट्टी नीट बसलेली नाही. अमर, तुझा खोडरबर दे."

तिनं हिरवी पट्टी कडेनं धरून बाहेर काढली, तिचे काळवंडलेले सोनेरी दात खोडरबरानं हलकेच घासले आणि पट्टी खटकन परत बसवली. प्लग लावला. बटण दाबलं.

टीं नाही, काही नाही! पंखा घुर्र करून फिरला आणि पडदा उजळला!

"जमलं!" अमरनाथनं उडी मारली आणि लगेच स्वतःच तोंडावर हात ठेवला.

"ही तारीख बघ," दैवशाला म्हणाली. "आपण कुणी जन्मलोच नव्हतो तेव्हाची आहे."

"आतला सेल संपलाय. तारीख चुकीची असली की मेलवाले आपल्याला दारातच अडवतात." शिवांजलीनं तारीख नीट केली. मग तिनं मेल उघडला. आधी 'सेंट', म्हणजे पाठवून झालेले मेल, पाहिले. जूनमधलं तिथं काहीच नव्हतं. तिनं 'आउटबॉक्स' उघडलं.

तिथं तीन मेल होते. तिन्ही उमाकाकांच्या नावाचे.

"आउटबॉक्स म्हणजे?" अमरनाथनं विचारलं.

"म्हणजे लिहिलेले, पण घरातून बाहेरच न पडलेले."

एका मेलला आवाजाची फाईल जोडलेली होती. ती चालू करायचं तिच्या जिवावर आलं. ती काकांसाठी होती. काकांच्या आधी ती आपण ऐकायची नाही, असं तिनं ठरवलं.

"पुसून टाकू नकोस काही," दैवशाला म्हणाली. "आधी बाबांना दाखव."

"काय दाखवायचंय मला?"

दारात बाबा उभे होते! अमरनाथ दैवशालाच्या मागं लपला. "कुणी सांगितलं इथं यायला? बंद कर ते!"

"बाबा, एकदाच बघा. मग काय रागवायचं ते रागवा." शिवांजली खुर्चीवरून उठली नाही. "अमर, आईचा फोन आण, इंटरनेट जोडायचंय."

अमरनाथनं आणलेला फोन तिनं कॉम्प्युटरला जोडला. तिनं 'पाठवा' दाबलं. पडद्यावर इंग्रजीत लिहिलेली एक छोटी चौकट आली. बाबांनी सवयीनं हात पुढं केला. शिवांजलीनं तो हळूच धरला.

"ओके दाबू नका बाबा. आधी वाचूया. यात लिहिलंय, तुमची मेलपेटी भरली आहे. त्यामुळे संदेश पाठवताही येणार नाही आणि घेताही येणार नाही."

बाबा पडद्याजवळ वाकले.

"ही चौकट तर रोज यायची," ते पुटपुटले. "म्या ओके दाबायचो. मला वाटायचं, गेलं."

शिवांजलीनं आलेल्या मेलची यादी उघडली. "या सगळ्या कंपन्यांच्या जाहिराती आहेत, बाबा. खताच्या, औषधांच्या. मोठमोठी चित्रं, व्हिडिओ. कितीतरी वर्षांच्या, कधी पुसल्याच नाहीत. म्हणून काकांचे मेलपण आत आले नाहीत, परत गेले. काकांनी काही केलं नाही. तुम्हीही मुद्दाम नाही केलं."

बाबा पोत्यावर बसले. इतक्या मोठ्या माणसाला असं बसताना शिवांजलीनं कधी पाहिलं नव्हतं.

"अप्पांना वाटलं, पोरानं इसरलं आपल्याला," ते म्हणाले. "शेवटपर्यंत त्येंना तसंच वाटलं. आता त्येंना कसं सांगू?"

दैवशालानं रडतरडतच जाहिराती निवडायला सुरुवात केली. शिवांजलीनं पुसलेला सगळा ढीग कचरापेटीतूनही काढून टाकला, कारण कचरा तिथंच राहिला तर जागा मोकळी होत नाही.

"आता दाबलं की तिन्ही जातील, बाबा. पाठवू?"

बाबा उठले. त्यांनी स्वतःच्या बोटानं बटण दाबलं. एकेक करत तिन्ही मेल आउटबॉक्समधून निघून गेले.

"गाडी!" अमरनाथ एकदम किंचाळला. "सोलापूरची गाडी यायची वेळ झाली!"

तिघं धावत सुटली! देवळाच्या मागून, पिठाच्या गिरणीवरून, दैवशालाची चप्पल एका वळणावर राहिली ती राहिलीच. थांब्याच्या अलीकडंच त्यांना धूळ उडवत निघालेली गाडी दिसली.

"गेली!" अमरनाथ रस्त्यातच खाली बसला.

पण काका गेले नव्हते. ते बाकावर बसले होते, फोन कानाशी घट्ट धरून. गाडी आल्याचं आणि गेल्याचंही त्यांना कळलं नव्हतं. पोरं जवळ गेली तेव्हा त्यांनी फोन कानापासून दूर केला. अज्जांचा थकलेला आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"उमा, म्या बरा हाय. तुझा अण्णा उगं घाबरतोय. काम टाकून येऊ नको. पुरं करून ये. समुद्रावर थंडी लई असंल, कानाला बांधत जा."

शिवांजलीला त्या आवाजानं भडभडून आलं. तो आवाज ऐकून कितीतरी महिने झाले होते.

मागून बाबा आले. ते धावत आले होते, पण शेवटची काही पावलं त्यांना टाकता येईनात.

"उमा, माझी चूक झाली. वाचायला पायजे हुतं म्या."

काका उठले. बाबांनी बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि काकांचा दंड धरला.

संध्याकाळी सगळे शेतात गेले. अज्जांना तिथंच, धरणाचं पाणी दिसेल अशा जागी समाधी दिली होती. अव्वांनी बेलाची पानं वाहिली. मग त्यांनी तिन्ही पोरांना जवळ ओढलं.

"मोठी माणसं भांडत बसली, आन् तुमी शोधून काढलं," त्या म्हणाल्या. "शाबास गं पोरींनो. शाबास रे अमर. माझी दोन्ही लेकरं तुमी मला परत आणून दिलीत."

"आता कॉम्प्युटर भंगारात घालायचा न्हाय," बाबा म्हणाले. "शिवांजली, जायच्या आधी मला नीट शिकव."

शिवांजलीनं मान हलवली. एवढी शाबासकी तिला कधीच मिळाली नव्हती, तरी तिला हसू येईना. जूनमध्ये आपण इथं असतो तर, एवढंच तिच्या मनात येत होतं.

काका समाधीजवळ मांडी घालून बसले. जहाज कुठं कुठं गेलं, वादळात ते कसं डोलायचं, वर्षभर काय काय पाहिलं, सगळं ते अज्जांना सांगायला लागले. बाबा जरा लांब उभे होते. मग तेही जवळ येऊन काकांच्या शेजारी बसले.

अमरनाथ ऐकायला पुढं सरकला, पण अव्वांनी त्याचा हात धरला.

"चला रं घरी," त्या हळूच म्हणाल्या. "त्येंला बोलू द्या."