बाबांचं क्रियापद

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली. आत तिच्याखेरीज दोघंच होते — चाकांच्या खुर्चीत बसलेले एक वृद्ध आणि मागे उभा असलेला त्यांचा मुलगा. वृद्ध शांत होते. मुलाला मात्र दरदरून घाम फुटला होता.

"श्वास घ्या," ती म्हणाली.

"घेतलाय. सोडायचा कधी, तेवढं सांगा."

तिला हसू आलं. लिफ्ट हलली आणि तिघंही एकाच दाराशी येऊन थांबले... तिच्याच. ती स्पीच थेरपिस्ट होती. पक्षाघातानंतर त्याच्या बाबांकडे 'पाणी', 'दार', 'चष्मा' अशी सुटी नामं तेवढी उरली होती. क्रियापद एकही नाही.

"शब्दच नसतील तर आत काय चालत असेल?" त्यानं हळूच विचारलं. "मी तरी कळत असेन का त्यांना?"

तिनं चार चित्रं उलटसुलट मांडली. बाबांनी ती पटापट लावली. मुलगी झाडावर चढली, फांदी मोडली, मुलगी पडली, आईनं उचललं.

"सगळं कळतं त्यांना. कुणी काय केलं, आधी काय, मग काय. फक्त सांगता येत नाही."

त्यानं तोंड फिरवलं. तिनं आपला रुमाल पुढे केला.

पुढच्या खेपांना तो रुमाल काही परत येईना.

"अजून वाळला नाही?"

"हवा दमट आहे ना..."

बाहेर रखरखीत ऊन होतं. दोघंही खिडकीकडे बघायचं टाळत.

उपचार संपत आले. बाबांना घेऊन तो दुसऱ्या शहरात, बहिणीकडे राहायला जाणार होता. ती बाबांची फाईल उगाच चाळत बसली. आपल्यात काही घडलंय का? कुणी बोललंच नाही, मग घडलं म्हणायचं तरी कशाच्या जोरावर? की सगळे आपल्याच मनाचे खेळ? शब्दांवाचूनही सगळं कळतं, हे त्याला छातीठोक सांगितलेलं तिला स्वतःला पटेना.

शेवटच्या दिवशी तो दारातच घुटमळला. "येतो मग," म्हणाला, आणि हलला मात्र नाही.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ओठ थरथरले.

"हा... हा... घाबरतो."

बाबांचं पहिलं क्रियापद!

"कशाला घाबरतो, बाबा?" तिनं विचारलं.

बाबांचं बोट तिच्याकडे वळलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही नाही म्हणालात तर... म्हणून विचारलंच नाही."

"विचारा की."

"तुम्हाला मी—" पुढचं क्रियापद काही त्याला सापडेना.

"हो," ती म्हणाली.