अकरा महिने वयाची माती

"तीन हजार वर्षांत या मातीला मनुष्याचा हात लागलेला नाही!" डॉ. उज्ज्वला नवघरे यांनी पडद्यावरच्या संरक्षण समितीला ठणकावून सांगितलं. त्याच क्षणी बोरधरणीच्या त्या प्राचीन दफनटेकडीच्या माथ्यावर एक शेळी चढली आणि समितीकडे बघत निवांत लेंड्या टाकू लागली.

"मनुष्याचा म्हणाले मी," बाई पुटपुटल्या.

समितीला चार वाजेपर्यंत लेखी अहवाल हवा होता. सन २०५८चा नियम सरळ होता : मूळ बांधणाऱ्यांखेरीज दुसऱ्या कुणाचा हात लागल्याचं दिसलं की संरक्षण रद्द. मग टेकडीवरून सहापदरी रस्ता. बाईंची बावीस वर्षं या टेकडीत आणि तिच्याभोवतीच्या गोल मातीच्या बांधात गेली होती.

खणायला बंदी, म्हणून सहकारी फिरोज पठाण यांनी प्रकाशस्मृतिवाचक आणला होता.

"वाळूचा कण उन्हात असला की पाटी कोरी," पठाण म्हणाले. "मातीखाली गेला की आसपासचा किरणोत्सार त्याच्यावर रेघा ओढू लागतो. वरून प्रकाशाची स्पंदनं सोडून आपण त्या मोजायच्या. कण किती काळ अंधारात आहे ते कळतं."

"मग मोजा की! तीन वाजले."

पठाणांनी मोजलं, घाम पुसला, पुन्हा मोजलं.

"बांधाचा गाभा तीन हजार वर्षांचा."

"म्हटलं नव्हतं?"

"त्यावरचा थर एक वर्षानं लहान. त्यावरचा आणखी एका वर्षानं. असं करत करत सगळ्यात वरचा... अकरा महिन्यांचा."

"तुमच्या यंत्राला ऊन लागलंय."

यंत्र सावलीत नेलं. आकडे तेच. बाईंनी बांधाला तरातरा तीन फेऱ्या मारल्या आणि शेवटी कडेच्या एका मऊ ढिगावर बसकण मारली.

"पाऊस दरवर्षी बोटभर माती नेतो," पठाण म्हणाले. "हा बांध तीनशे वर्षांतच सपाट व्हायला हवा होता. तो उभा कसा, हे बावीस वर्षांत कधी मनात आलं नाही?"

आलं नव्हतं.

"काऊन भांडून राहिले जी?" चौकीदार दसरू मडावी घमेलं घेऊन आला. "आखाडीच्या सणाआधी घरटी एक घमेलं माती टाका लागते. जुन्या लोकायचं काम होय. कुंपण झालं, गावाले मनाई झाली. तवापासून गावच्या एकशे बाराही घरायचे घमेले दरसाली मी एकटाच टाकतो."

"तुम्ही? अहो, तुम्हाला पहाऱ्याला ठेवलंय!"

"म्हणून तं आत येता येते."

चाराला पाच कमी. खरं लिहिलं तर रस्ता. खोटं लिहिलं तर यापुढे दसरूला बांधावर माती टाकता येणार नाही, आणि मग पाऊस आहेच. बाईंनी अहवालाची पाटी मांडीवर ओढली.

"दसरूभाऊ, जुने लोक म्हणजे नेमके कोण?"

"जे आत निजले आहे थे. आमचेच."

बाईंनी एका दमात लिहिलं : 'मूळ बांधणाऱ्यांखेरीज कुणाचाही हात लागलेला नाही. बांधकाम अद्याप चालू आहे.'

अहवाल गेला. तीस शतकं अंगावर आल्यासारख्या बाई टेकडीकडे बघत राहिल्या.

दसरू खाकरला.

"मॅडम, जराशा उठता काय? यंदाची माती तुमच्या खालीच आहे."