चार बाराचा झटका

शपथेवर सांगतो, यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

गेल्या मार्चमधला मंगळवार. गाव दुसरबीड. भर दुपार.

माझा मित्र संघर्ष पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच स्मार्टवॉचचं ॲप बनवायचा. म्हातारं माणूस पडलं, की पडल्याची वेळ आणि हृदयाचे ठोके मिलिसेकंदासकट नोंदवणारं ॲप. वेळ अचूक येते का, हे तपासायची त्याची पद्धत साधी होती. घड्याळ आईच्या मनगटावर बांधायचं आणि तिला टाळी वाजवायला लावायची. हाताचा झटका घड्याळ नोंदवणार, आवाज मोबाईल. दोन्ही वेळा जुळल्या की काम फत्ते.

"एवढा शिकला, अन् आईले टाळ्या वाजवाले लावते," कोकिळाबाई हसायच्या.

त्या दिवशी स्क्रीनवर झटक्याची नोंद आली...

आणि मग आईनं टाळी वाजवली.

घड्याळ पुढे गेलं असणार. त्यानं ते बंद करून चालू केलं, वेळ नीट लावली. तीन बावन्न.

स्क्रीनवर नोंदींची यादी पुन्हा भरली. पुढच्या वीस मिनिटांची...

त्यात पहिला झटका होता तीन अठ्ठावन्नचा. चाळीस सेकंद, एकशे बारा मिलिसेकंद.

"आई, आता टाळी नको वाजवू. हात मांडीवर ठेव."

लाईट गेली होती. पंखाही बंद. घरात कसलाच आवाज नव्हता.

चट्ट...!

आईनं गुडघ्यावरची माशी मारली होती. मोबाईलनं वेळ दाखवली. तीन अठ्ठावन्न, चाळीस, एकशे बारा.

संघर्षनं यादी खाली सरकवली.

चार बारा, सात सेकंद, तीनशे अठरा. मोठा झटका.

त्याखाली ठोके नव्हते... एकही नाही.

आईला दवाखान्यात न्यायला त्यानं शेजारच्या गणेशला फोन लावला. त्याची जीप मेहकरला गेलेली. निघालो म्हणाला, पण वेळ लागणार होता.

"मले काय धाड भरली?" आई म्हणाली. "तूच काऊन घामेजून राह्यला?"

मग त्याला एक युक्ती सुचली. नेमक्या त्या क्षणी घड्याळ काढून फरशीवर टाकायचं. झटका घड्याळाचा ठरेल. मनगटच नाही, म्हणून ठोके नाहीत. नोंद खरी होईल आणि आई वाचेल. आधी काढून चालणार नव्हतं, तोवरचे ठोके यादीत होते.

चार बारा.

त्यानं पट्ट्याला हात घातला. पाच... सहा... सात...

पट्टा सुटताना आईच्या हाताला हिसका बसला.

घड्याळ खाडकन पडलं.

मोबाईलनं आवाजाची वेळ दाखवली. सात सेकंद, नऊशे एक.

म्हणजे तीनशे अठराला घड्याळ आईच्याच मनगटावर होतं...

"आई?"

तिची मान छातीवर कलली होती.

जीप आली तेव्हा पावणेपाच झाले होते. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक.

संघर्षनं काम सोडलं. कुणी भेटलं की तो एकच विचारतो, "मले उशीर झाला, का म्या पट्टा ओढला म्हणूनच तो झटका बसला?"

मलाही विचारलं त्यानं. या गोष्टीला दोन महिने झाले, त्याच्या घरी जायचा मला अजून धीर होत नाही.