मालनताईंचं विरजण

जतच्या स्टँडवर विजेवरची एसटी थांबली आणि मिरजेच्या नाटक मंडळींचे सात जण खाली उतरले. सगळ्यांत शेवटी उतरल्या मालन गुरव. वय त्रेसष्ट, नाटकाच्या नायिका आणि मंडळींच्या मालकीणही. त्यांच्या हातात ओल्या फडक्याने तोंड बांधलेलं एक मडकं होतं आणि ते दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला त्या तयार नव्हत्या.

"सामान मागनं येतंय का?" घ्यायला आलेल्या वाचनालयाच्या बिराजदारांनी विचारलं.

"हेच सामान."

"न्हाई, म्हंजे नाटकात आख्खं पोस्ट ऑफिस हाय म्हणं. काउंटर, जाळी, दारं, भिंती..."

"सगळं यातच आहे," मालनताई म्हणाल्या.

बिराजदारांनी मडक्याकडे पाहिलं, मग बाईंच्या चेहऱ्याकडे. शहाण्या माणसाने अशा वेळी वाद घालू नये. "आधी च्या घिऊ," ते म्हणाले.

जतमध्ये बारा वर्षांत नाटक आलं नव्हतं. प्रवासभाराचा कायदा झाला तेव्हापासून प्रत्येक संस्थेला वर्षाचा एक वाटा ठरवून मिळे. किती वजन किती लांब न्यायचं, याची ती मर्यादा होती. औषधं आणि धान्य पहिले, नाटक सगळ्यांत शेवटी. कायद्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. लागोपाठ चार जीवघेणे उन्हाळे सोसल्यावर तो लोकांनीच मागून घेतला होता. पण लाकडी पोस्ट ऑफिस भरायचं तर चार टनांचा ट्रक लागे आणि जतच्या एका फेरीत मंडळींचा वर्षाचा वाटा संपून जाई. मग नाटकं मोठ्या शहरांपुरती उरली आणि तालुक्याच्या गावांतल्या रंगमंचांच्या फळ्या वाळवीने खाल्ल्या. या वेळी सरकारने एक चाचणी-प्रयोग मंजूर केला होता. तो फसला तर दौरा हा शब्द विसरायचा, असं मालनताईंनी सगळ्यांना निघतानाच बजावलं होतं.

बाजार समितीच्या सभागृहात दुपारी मडक्याचं फडकं सुटलं. आत पांढरट, दाट, थोडं आंबूस वासाचं काहीतरी होतं.

"ही बुरशी आहे," डॉ. वैजयंती उकिडवे म्हणाल्या. हे मडकं त्यांच्या प्रयोगशाळेतून आलं होतं आणि त्याच्या काळजीने त्याही मंडळींबरोबर आल्या होत्या.

"चाळीस वर्षं सागवान रंधलं मी," जयराम पांचाळ म्हणाले. ते मंडळींचे सुतार. "आता भाकरीला लागते ती बुरशी रंगमंचावर उभी करायची म्हणता?"

"तिची लांबची बहीण म्हणा. तुम्ही नुसता सुतळीचा सांगाडा बांधा. भिंत कुठे, काउंटर कुठे, एवढंच तिला दाखवायचं. त्यावर इथलाच ओला चारा थापायचा. बाजरीचं सरमाड, शेंगांची टरफलं, डाळिंबाच्या छाटणीचा भुसा. दुधाला विरजण लावतो तसं यात हे घालायचं. उद्या दुपारपर्यंत घट्ट."

"आणि प्रयोग झाल्यावर?"

"फोडून शेतात टाकायचं. खत होतं. एक मूठ फक्त मडक्यात परत घ्यायची, पुढच्या गावासाठी."

जयरामांचं समाधान झालं नव्हतं. "आणि काउंटर वजन घेईल? बाई टेकतात त्यावर."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्यांचा लाडका होता. "तीच तर गंमत आहे. हिला मी स्पर्शवाढ शिकवलीय. जिथे माणसाचा भार पडतो तिथले तंतू जाड होतात, आणि पुढच्या पिढीलाही ती जागा सांगून ठेवतात. जिथे कोणी हात लावत नाही तिथे ती उगाच चारा खर्च करत नाही. दरवेळी नेपथ्य हलकं होत जाईल आणि लागेल तिथे पक्कं. फक्त एक पथ्य आहे मालनताई. परत घ्यायची मूठ पाच-सहा ठिकाणांहून चिमूट-चिमूट घ्यायची."

"बरं," मालनताई म्हणाल्या. त्यांचं अर्धंच लक्ष होतं. आठ दिवसांपूर्वी त्या तालमीच्या जिन्यावरून पडल्या होत्या आणि डावा खांदा निखळला होता. तो बसवलेला होता, ब्लाऊजखाली पट्टा होता आणि ठणका होता. प्रयोग पुढे ढकला म्हणणाऱ्या वैद्यांना त्यांनी घराबाहेर काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता तिसरी घंटा झाली आणि पडदा वर गेला. रंगमंचावर खरोखर पोस्ट ऑफिस उभं होतं. ताकासारख्या रंगाचं, कोपरे थोडे गोलसर, पण काउंटरसकट, जाळीसकट. सभागृहात आधी कुजबुज आणि मग टाळ्या. जयराम पडद्याआड उभे राहून काउंटरकडे डोळे लावून होते. आता मोडेल, मग मोडेल.

मोडला नाही. शेवटच्या प्रवेशात पोस्टमास्तरीणबाई वीस वर्षं पडून राहिलेलं पत्र उघडून वाचते. तालमीत मालनताई ते ताठ उभ्या राहून वाचत. आज तिसऱ्या ओळीला खांद्यातून अशी कळ आली की त्यांनी डावं कोपर काउंटरवर टेकलं, उजवा खांदा वर गेला, श्वास अडला आणि वाक्य मधेच तुटलं. "तू येशील म्हणून मी..." पुढचे शब्द यायला किती वेळ गेला ते त्यांनाही कळलं नाही. आठशे माणसं श्वास धरून बसली होती. पडदा पडला तेव्हा लोक उभे होते, बिराजदार लहान मुलासारखे रडत होते आणि जयराम पांचाळ ज्या काउंटरवर त्यांचा विश्वास नव्हता त्यावर पालथी मूठ आपटून म्हणत होते, "अरे, टिकला की रे!"

नेपथ्य फोडायच्या वेळी चार बायका हातात वाट्या घेऊन आल्या.

"ताई, आमच्या गावात दावायचं हाय ह्ये नाटक, आमीच करनार. थोडं इरजण द्या की."

"अहो, असं वाटता येत नाही. नियम आहेत त्याचे," डॉ. उकिडवे म्हणाल्या.

"वैजयंती," मालनताई म्हणाल्या, "दारात बाई वाटी घेऊन आली आणि मी विरजणाला नाही म्हटलं, हे माझ्या हातून व्हायचं नाही. आईने तेवढं एकच शिकवलंय नीट." आणि त्यांनी काउंटरवर बोट फिरवून सगळ्यांत घट्ट जागा शोधली. विरजण घ्यायचं ते कवडीतलं, पातळ पाण्यातलं नाही, हे कोणत्याही घरात कळतं. घट्ट जागा त्यांच्या कोपराखालची होती. चार वाट्या तिथूनच भरल्या, आणि मडक्यातली मूठही. चिमूट-चिमूट घेण्याचं पथ्य त्या साफ विसरल्या. पुढच्या गावातही विसरल्या, आणि त्याच्याही पुढच्या.

तीन वर्षांत जे झालं त्यावर सरकारचाही विश्वास बसेना. एकशे चाळीस गावांत ते पोस्ट ऑफिस उगवलं. विरजण वाटीतून डब्यात आणि डब्यातून माहेरी गेलं. कुठे उसाच्या पाचटावर लागलं, कुठे भाताच्या तुसावर. सुतळी बांधायला शिकवायला जयराम गावोगाव फिरले आणि ज्या बुरशीला नावं ठेवली तिचेच मास्तर झाले. ट्रक एकही निघाला नाही. मंडळींचा प्रवासभाराचा वाटा वर्षअखेर जवळजवळ तसाच शिल्लक राही. प्रत्येक गावाची आपली पोस्टमास्तरीणबाई होती, आणि प्रयोगानंतर नेपथ्य शेतात पडे. नाटक झालं की डाळिंबं चांगली येतात, असं लोक हसत हसत म्हणत आणि थोडं खरंही मानत.

तीन वर्षांचा सोहळा जतलाच करायचा असं ठरलं. नाटक गावातल्या बायका करणार होत्या आणि मालनताई आयुष्यात पहिल्यांदा आपलं नाटक खुर्चीत बसून पाहणार होत्या. शेजारी डॉ. उकिडवे.

नायिका होती अनुसया हिप्परकर. लग्न होऊन गेल्या वर्षीच जतला आलेली, अंगणवाडीत काम करणारी. मालनताईंना तिने कधी रंगमंचावर पाहिलं नव्हतं. शेवटच्या प्रवेशात ती काउंटरशी आली, पत्र उघडलं, आणि तिसऱ्या ओळीला तिचं डावं कोपर एका खोलगट जागेत अलगद बसलं. उजवा खांदा वर गेला. श्वास अडला. "तू येशील म्हणून मी..."

तिने पत्र वाचून संपवलं. मग टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. मालनताईंचे डोळे भरून आले. एवढं मोठं सुख त्यांना स्वतःच्या एकाही प्रयोगात झालं नव्हतं. आणि मग त्यांनी ते टेकलेलं कोपर ओळखलं.

"वैजयंती, हिला कोणी शिकवलं हे?"

डॉक्टरीणबाई काउंटरकडे बघत म्हणाल्या, "काउंटरने. तुम्ही मूठ कुठून घेत होतात ताई?"

मालनताईंनी सांगितलं.

"म्हणजे हिला तेवढीच जागा आठवत राहिली आणि प्रत्येक पिढीत तोच खळगा खोल होत गेला. कोपर त्यात ठेवलं की शरीर वाकतं तसंच, आणि श्वास अडतो तिथेच. बाकीचा काउंटर आता नुसता पापुद्रा असेल. एकशे चाळीस गावांत."

"अगं, पण तो अभिनय नव्हता! खांदा निखळला होता माझा. कळ आली म्हणून टेकले मी!"

पडदा पडल्यावर दोघी आत गेल्या. अनुसया पाया पडायला वाकली. मालनताईंनी तिला उठवलं आणि म्हणाल्या, "जरा उजवा हात टेकून बघ गं काउंटरवर."

अनुसयाने उजवा हात टेकला. तो पापड मोडावा तसा आत गेला. ती हसली. "तिकडं काय न्हाई ताई. हिकडंच हाय सगळं." आणि ती सवयीने डाव्या कोपरावर विसावली. मग जरा लाजत म्हणाली, "खरं सांगू? तालमी सुरू झाल्यापासनं डावा खांदा ठणकतोय माझा. आमच्यात जिनं जिनं ह्ये काम केलंय, तिचा दुखतोयच. उमदी गावच्या बाईंचाबी दुखतोय. पोस्टमास्तरीणबाईंचंच दुखणं हाय म्हणत्यात ते."

"माझ्याकडे पहिलं विरजण शीतकपाटात आहे," डॉ. उकिडवे घाईने म्हणाल्या. "कोऱ्या पाटीसारखं. सगळ्या गावांना पाठवते. तुला हवं तिथे उभी राहा, हवं तसं वाच."

अनुसयाने काउंटर दोन्ही हातांनी धरला. "नगं बाई! लोकं टाळ्या वाजवत्यात ते त्याच जागंला. दुखणं काढलं तर बाई कुठं ऱ्हायल्या?"

डॉ. उकिडव्यांनी मालनताईंकडे पाहिलं. नाटक त्यांचं होतं, विरजण त्यांच्या हातचं होतं. त्यांनी जुन्या विरजणाला नाही म्हटलं असतं तर एकशे चाळीस गावांनी ऐकलं असतं. त्यांचा स्वतःचा खांदा दोन वर्षांपूर्वीच बरा झाला होता.

तेवढ्यात संख गावाहून आलेली एक तरुण बाई आत डोकावली. तिच्या हातात स्टीलचा डबा होता. "ताई, आमच्याकडं अजून न्हाई झालेलं. थोडं इरजण..."

मालनताईंनी मागच्या भिंतीला बोट लावलं. भुसा झडला. त्यांनी काउंटरची कडा चाचपली. तीही झडली. घट्ट अशी एकच जागा होती. त्या तिथे बराच वेळ हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनी डबा भरला.

"उजव्या हातात धर गं," त्या तिला म्हणाल्या. "डाव्याला पुढे पुष्कळ काम आहे."